कमी दिवसांच्या बाळाचं सलाईन शिरेबाहेर गेलं तर

"हाताचं सलाईन आऊट झालंय, दुसरी शीर बघतोय." एसएनसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षाच्या दारात ताटकळणाऱ्या बापाला सिस्टर एवढं सांगतात आणि आत जातात. बहुतेक वेळा गोष्ट तेवढीच असते. सुई बदलते, सूज एक-दोन दिवसांत उतरते आणि घरच्यांच्या लक्षातही राहत नाही. काही बाळांच्या बाबतीत मात्र त्या सुजेखालची कातडी काळवंडते, फोड येतो, जखम उघडी पडते आणि पुढे कित्येक आठवडे ड्रेसिंग चालतं. सुरुवात सारखी, मग शेवट इतका वेगळा का होतो, हे समजून घ्यायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. इवल्याशा शिरेतलं सलाईन कधीच बाहेर जाणार नाही, अशी हमी कुठलंही हॉस्पिटल देऊ शकत नाही, मुंबईतलंही नाही. आपल्या हातात असतं ते एवढंच, की गेलं तर ते किती लवकर कुणाच्या नजरेला पडतं. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं त्या वेळेभोवतीच फिरतं.

एक किलोचं बाळ धरा. पहिल्या दिवशी त्याला चोवीस तासांत साधारण ८० मिलीलिटर द्रव लागतं, म्हणजे ताशी तीन मिलीच्या थोडं वर. ऐकायला अगदीच थेंबभर. पण वजनाच्या प्रमाणात मांडलं तर साठ किलोच्या माणसाच्या पंज्यावर, कातडीखाली, तासाभरात २०० मिली द्रव शिरल्यासारखं आहे. दोन तास कुणी पाहिलंच नाही तर ४००. बाळाला जागा कमी, आणि ओरडून सांगायची ताकदही कमी. २८ आठवड्यांचं बाळ दुखलं तरी मोठ्याने रडेलच असं नाही.

त्यात कातडी अपुरी. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलं ते कमी दिवसांचं बाळ. 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' असं छातीठोक सांगणारी माणसं आपल्याकडे अजून भेटतात. हे साफ खोटं आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आणि कातडीवर तर तो डोळ्यांनी दिसतो. कातडीचा सगळ्यात वरचा, बाहेरची हवा-धूळ सोसणारा थर २४व्या आठवड्याच्या सुमाराला जेमतेम धरायला लागतो आणि ३४ आठवड्यांच्या आसपास कामापुरता तयार होतो. त्याच्या आधी आलेल्या बाळाची कातडी पातळ असते, खालच्या शिरा आरपार दिसतात, वरचा आणि खालचा थर एकमेकांना नीट चिकटलेला नसतो, आणि मधे गादीसारखं काम करणारी चरबी नसतेच. शीर लगेच दिसते म्हणून सुई घालणं सोपं असेल असं वाटतं. पण ती शीरही तितकीच नाजूक असते.

आपण जिला सुई म्हणतो ती आत राहत नाही. सुईवर बसवलेली प्लास्टिकची बारीक नळी, कॅन्युला, शिरेत सरकवतात आणि सुई काढून घेतात. नवजात बाळाला पिवळ्या टोपीची २४ नंबरची, अगदी लहान बाळाला जांभळी २६ नंबरची. बाळ हात हलवतं, नळीचं टोक शिरेच्या भिंतीला घासतं, आतल्या द्रवाने ती भिंत चिडते, सुजते आणि एका क्षणी द्रव बाहेर झिरपू लागतो. लहान बाळात अशी नळी अनेकदा दोन दिवसही टिकत नाही. त्यामुळे "काल तर नवीन लावली होती" ही तक्रार समजण्यासारखी असली तरी ती सिस्टरांच्या हलगर्जीपणाचा पुरावा नाही.

काय गळलं यावर सगळं अवलंबून

नुसतं साधं मिठाचं सलाईन बाहेर गेलं तर बहुधा सूज येते आणि शोषली जाते. पण कमी दिवसांच्या बाळाला नुसतं सलाईन क्वचितच देतात. त्याच्या रक्तातली साखर घसरू नये म्हणून बहुतेकदा १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, चालू असतं, आणि ते रक्तापेक्षा पावणेदोन पटीच्या आसपास दाट असतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पाणी सुटतं ना, तसंच दाट द्रव पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतं. पेशी सुकतात आणि मरतात. म्हणूनच हातापायाच्या शिरेतून साडेबारा टक्क्यांपेक्षा दाट डेक्स्ट्रोज देऊ नये असा दंडक आहे. शिरेवाटे दिलं जाणारं पोषण, ज्यात साखर, अमिनो आम्लं, क्षार सगळंच असतं, तेही याच कारणाने त्रासदायक.

सगळ्यात जास्त धास्ती मात्र कॅल्शियमची. पहिल्या दिवसांत बाळांचं कॅल्शियम कमी होतं, झटके येऊ शकतात, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावं लागतं. ते शिरेबाहेर गेलं तर पेशी थेट मारतं, आणि थोडंसं जरी गेलं तरी. शिवाय त्याचा त्रास उशिरा उगवतो. जखम झाली नाही म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि दोन-तीन आठवड्यांनी त्या जागी पांढरट-पिवळट, खड्यासारखी टणक गाठ लागते. तो तिथे साठलेला चुना. हे आधी माहीत नसेल तर गाठ जंतुसंसर्गाची समजून नाहक अँटिबायोटिक सुरू होतं.

सोडियम बायकार्बोनेट दाटही असतं आणि अल्कलीही, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं. झटक्यांवरची फेनिटॉइनसारखी काही औषधं तर इतकी अल्कली, की ती गळली तर भाजल्यासारखं होतं. आणि डोपामिन, अ‍ॅड्रेनलिन यांची तऱ्हाच वेगळी: रक्तदाब वाढवायला दिलेली ही औषधं आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आवळून टाकतात. मग कातडीला रक्तच पोचत नाही आणि ती आधी पांढरीफटक, नंतर निळसर-काळी होते.

ब्रिटनमधल्या नवजात विभागांची एक पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. दाखल झालेल्या दर हजार बाळांमागे ३८ बाळांची कातडी गळतीमुळे मेल्याचं तिच्यात आढळलं; बहुतेक २६ किंवा त्याहून कमी आठवड्यांची, आणि बहुतेकांना शिरेवाटे पोषण चालू असलेली. सगळ्या सोयी असलेल्या देशातली ही गोष्ट आहे. म्हणून मी वर हमीबद्दल तसं लिहिलं.

एक गैरसमज इथेच दूर करू. "मशीन लावलंय ना, काही झालं तर वाजेल की!" हे मशीन म्हणजे सलाईन मोजून ढकलणारा पंप. तो वाजतो दाब वाढल्यावर, म्हणजे नळी दुमडली किंवा पुढे गुठळी झाली तर. बाळाच्या कातडीखालची जागा इतकी सैल असते की द्रव शिरताना फारसा अडथळाच होत नाही. पंपाला वाटतं सगळं सुरळीत चाललंय, आणि तो शांतपणे कातडीखाली औषध ढकलत राहतो. गळती पकडणारं खात्रीचं यंत्र म्हणजे अजून तरी माणसाचे डोळे आणि बोटं.

उघडा हात

आजीचा जीव यातच अडकतो. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही कक्षाबाहेर हा संवाद ऐकायला मिळेल:

"सिस्टर, पोराचो हात असो उघडो कित्याक ठेवलास? थंडी नाय लागाची त्येका?"

"आजी, झाकलंय तर माका सूज दिसतली कशी?"

सिस्टरांचं बरोबर आहे. बाळाला ऊब हवीच, त्यासाठी वॉर्मर असतो, टोपडं असतं, आईची छाती असते. पण नळीची जागा, आणि तिच्या वरचा भाग, कायम दिसता हवा. मोज्यात, दुपट्यात किंवा चिकटपट्टीच्या चार वेढ्यांत लपलेली नळी सगळ्यात घातक. नळीवर पारदर्शक ड्रेसिंग लावायचं, पट्टी लावायचीच तर ती हाताभोवती गोल गुंडाळायची नाही. गोल पट्टी सूज आली की फास होते. हाच नियम काळ्या दोऱ्याला आणि मनगट्यांना. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला दोरा सुजलेल्या मनगटात रुततो. श्रद्धेवर वाद घालायला मी बसलेली नाही. दोरा पाळण्याला बांधा, सलाईनच्या हातापायाला नको.

कोकणात आणखी एक अडचण, हवेची. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की चिकटपट्टी धड बसत नाही, कडा सुटतात, मग तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी लावली जाते. शेवटी पांढऱ्या गठ्ठ्याखाली काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. सुटलेली पट्टी काढून जागा कोरडी करून नवीन लावणं किचकट असतं, पण तेच करायला हवं. आणि काढताना ओढून नाही. ओल्या कापसाने भिजवून, सावकाश. या बाळांची वरची कातडी पट्टीबरोबर सोलून येते. स्पिरिटचंही तसंच. स्पिरिटने चिंब केलेला कापूस कमी दिवसांच्या कातडीवर राहिला तर त्यानेही भाजतं.

नळी कुठे घालायची हेही ठरवून करायचं काम. सांध्यावर नको, कारण तिथे हालचालीने ती निसटते आणि जखम झालीच तर व्रण सांधा आखडवतो. पंज्याची किंवा पावलाची पाठ बरी. कपाळावर शक्यतो नको, व्रण आयुष्यभर तोंडावर राहतो. कोणतंही औषध देण्याआधी अर्धा मिली सलाईन हळूच ढकलून पाहायचं: अडतंय का, फुगवटा येतोय का, बाळ कळवळतंय का. नळीतून रक्त मागे आलं म्हणजे सगळं ठीक, हेही गृहीत धरता येत नाही. इतक्या बारीक नळीत ठीक असतानाही रक्त येत नाही आणि कधी बिघडलेलं असतानाही येतं.

आणि मग तासातासाला तपासणं. बघायचं, बोट लावायचं, दुसऱ्या हाताशी ताडून पाहायचं. एक हात दुसऱ्यापेक्षा जाड वाटतो का, कातडी ताणून चकचकीत झालीय का, गार लागते का, पांढरी किंवा लालसर पट्टी उमटलीय का, नळीभोवती ओल आहे का. दाबून सोडल्यावर रंग परत यायला तीन-चार सेकंदांहून जास्त लागले तर प्रकरण गंभीर. डॉक्टर या खुणांवरून चार पायऱ्या ठरवतात. पहिल्या पायरीवर फक्त दुखणं आणि औषध ढकलताना अडणं असतं, चौथ्यावर रक्तपुरवठा तुटलेला आणि कातडी फुटलेली असते. कॅल्शियम किंवा डोपामिन चालू असेल तर मला विचाराल तर तासही जास्त आहे, दर अर्ध्या तासाने पाहावं. तक्त्यावर शिफ्ट संपताना एकाच पेनाने, एका दमात भरलेले आठ रकाने म्हणजे तपासणी नव्हे. एका सिस्टरकडे रात्री किती बाळं असतात हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच आत असलेली आई इथे उपयोगाची. तिला काय पाहायचं हे दोन मिनिटांत दाखवलं तर ती चोवीस तासांची पहारेकरी होते. तिने "सिस्टर, हा पाय जाड वाटतोय" म्हटलं तर त्याला लुडबुड समजू नये.

हातापायाच्या शिरांना पर्यायही आहेत. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत नाळेतली शीर उघडी असते. तिच्यातून नळी मोठ्या शिरेपर्यंत नेली की दाट द्रव भरपूर रक्तात मिसळून पातळ होतो. पुढे हातातून किंवा पायातून लांब बारीक नळी, पिक लाइन, घालता येते. दोन्हींना कसबी हात आणि जंतूंपासून कडक काळजी लागते, टोक कुठे आहे ते एक्स-रेने पाहावं लागतं. त्याही कधी चुकीच्या जागी गळतात, पण दाट औषधं बरेच दिवस द्यायची असतील तर हाच मार्ग बरा.

सगळ्यात बिनधोक सलाईन म्हणजे लवकर बंद झालेलं सलाईन. बाळाचं पोट तयार असेल तर पहिल्या दिवसापासून आईचं दूध थेंब थेंब नळीने सुरू करतात आणि रोज वाढवतात. किलोमागे दिवसाला १००-१२० मिली दूध पचू लागलं की सलाईन सहसा काढता येतं. म्हणून बाळ पेटीत आणि आई बाहेर असली तरी आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहायचं. "अजून बाळ पीतच नाही तर काढून काय करू" असं म्हणून थांबली तर दूध आटतं. आईचं दूध कमी पडलं तर दुग्धपेढीतलं दूध हा पुढचा पर्याय. आपल्या देशातली पहिली दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली.

घाटातली गाडी

कोकणातल्या बाळाच्या वाट्याला येणारा सगळ्यात बेभरवशाचा वेळ म्हणजे प्रवासाचा. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला, तिथून कधी आंबा घाट चढून कोल्हापूरला, चिपळूणकडून कुंभार्ली घाटाने कराडला, सिंधुदुर्गातून गोव्याच्या बांबोळीला. दोन, तीन, कधी त्याहून जास्त तास. वळणांवर गाडी कलते, नळी ओढली जाते, आत दिवा मिणमिणता, बाळ कपड्यांत गच्च गुंडाळलेलं. पोचल्यावर दुपटं सोडतात तेव्हा कळतं की पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय.

हे टाळायला फार काही लागत नाही. निघण्याआधी नळी चालते की नाही ते पाहायचं. संशय असेल तर तिथेच बदलायची, "पोचल्यावर बघू" नाही. नळीला एक सैल वळसा देऊन तो पट्टीने धरायचा, म्हणजे हिसका बसला तर वळशाला बसतो. बाळ आईच्या किंवा आजीच्या छातीशी उघड्या अंगाने, वरून पांघरूण, आणि सलाईनचा हात किंवा पाय मात्र बाहेर. प्रवासात कॅल्शियम टाळता येत असेल तर टाळावं, हे ठरवणं अर्थात डॉक्टरांचं काम. आणि दर अर्ध्या तासाने मोबाइलच्या उजेडात दोन्ही हात शेजारी धरून पाहायचं. घाट लागायच्या आधी एकदा, उतरल्यावर एकदा. १०८ मध्ये बरोबर डॉक्टर असतील तर ते पाहतीलच. तरी मांडीवर बाळ ज्याच्या असेल त्याने लाजू नये, विचारावं.

पाठवणाऱ्याने चिठ्ठीवर नळी कधी घातली, कोणत्या हाताला, काय चालू होतं एवढं लिहिलं तर पुढच्या डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

गळलंच तर

पहिली गोष्ट, पंप बंद. दुसरी, नळी घाईने उपसून काढायची नाही. त्याच नळीतून जेवढं औषध मागे ओढून घेता येईल तेवढं आधी घेतात, कधी त्याच वाटेने उतारा देतात. हात थोडा उंच ठेवतात, डॉक्टरांना बोलावतात, वेळ आणि सुजेची हद्द लिहून ठेवतात; पेनाने कडेने रेघ मारली किंवा फोटो काढला तर वाढतेय की उतरतेय ते कळतं. शेक द्यायचा नाही, बर्फही नाही. मोठ्या माणसाच्या सुजेला चालणारा शेक या कातडीला भाजतो.

गळलेलं द्रव्य दाट असेल तर हायल्युरोनिडेझ नावाचं एन्झाइम सुजेच्या कडेकडेने टोचतात. पेशींमधला चिकट पदार्थ ते विरघळवतं, साचलेला द्रव पसरतो आणि लवकर शोषला जातो. पहिल्या तासात दिलं तर उपयोग जास्त. हे औषध मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्याजवळ भूल देतानाही वापरतात, त्यामुळे नवजात कक्षाच्या कपाटात ते नसलं तरी त्याच इमारतीत, नेत्र विभागाच्या फ्रिजमध्ये असण्याची शक्यता बरीच. रात्री दोन वाजता त्या फ्रिजची किल्ली कुणाकडे असते, हे दिवसाउजेडी विचारून ठेवलेलं बरं. डोपामिन-अ‍ॅड्रेनलिन गळलं असेल तर मात्र हे द्यायचं नाही. तिथे आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं फेंटोलामाइन किंवा नायट्रोग्लिसरिनचं मलम लागतं.

सूज फारच ताणलेली असेल तर कातडीला बारीक छिद्रं पाडून सलाईनने आतलं द्रव्य धुऊन काढण्याची पद्धतही आहे. काही ठिकाणी ती सर्रास वापरतात. पण नवजात बाळांमध्ये तिची नीट तुलना करणारी एकही चाचणी कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात सापडली नाही, तेव्हा ती अनुभवी हातांनी, बाळ बघून ठरवायची गोष्ट.

जखम झालीच तर ड्रेसिंग जखम ओलसर ठेवणारं असतं, आणि लहान जखमा बहुधा त्याच्यावर भरून येतात; मोठ्यांसाठी प्लास्टिक सर्जनला लवकर दाखवतात. घरी आल्यावर त्या जागी हळद, लेप, खोबरेल काही नको. मालिश करायचीच तर तो भाग वगळून. आशाताई घरी भेटीला येतात तेव्हा कुठे गळलं होतं ते त्यांना दाखवून ठेवा, पुढे टणक गाठ लागली तर डॉक्टरांना "इथे कॅल्शियमचं सलाईन होतं" एवढं सांगितलं की चुकीचे उपचार टळतात. अशा गाठी बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप विरतात. मनगटावर किंवा घोट्यावर व्रण असेल तर बाळाचं वजन वाढतंय म्हणून खूश होऊन त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. सांधा पूर्ण वळतो का ते दर भेटीत तपासून घ्या, आणि अडत असेल तर फिजिओथेरपी बाळ बसायला लागायच्या आधीच सुरू करा.